तेरवीचं मागणं

तिवश्याजवळच्या आमच्या गावात मी तीस वर्षं अंगणवाडी चालवली. गावातलं एकही लेकरू असं नसेल, ज्याला मी वजनकाट्याच्या झोळीत टांगलं नाही. माझा स्वभाव तापट. सरपंच असो की तालुक्याची सुपरवायझर बाई, जे बोलायचं ते मी तोंडावर बोलायची. लोक म्हणायचे, दुर्गाबाईच्या तोंडाला लागू नका, आणि ते ऐकून मला बरं वाटायचं. आता वाटत नाही. त्याच तोंडानं माझं वाटोळं केलं. कसं केलं, ते सांगते.

आमच्या माहेरची एक रीत आहे. लेक सासरी निघाली की घरच्या गाईची एक कालवड तिच्याबरोबर आंदणात द्यायची. माझ्या आजीसोबत तिच्या आईच्या गाईची कालवड आली, माझ्या आईसोबत आजीच्या गाईची, माझ्यासोबत आईच्या गाईची. गवळाऊ जात. पांढरीशुभ्र, लांबोडक्या तोंडाची, आखूड शिंगांची. नाव प्रत्येक पिढीत एकच, मोगरी. म्हणजे बायका एका घरातून दुसऱ्या घरात गेल्या आणि त्यांच्या मागोमाग गाईही गेल्या. पुरुषांचं नाव सातबाऱ्यावर असतं. आमचं गाईच्या कोठ्यात असायचं.

माझी एकुलती लेक शालू. तिचं लग्न अकोल्याकडे खारपाणपट्ट्यातल्या एका गावात झालं, तेव्हा भांडीकुंडी आणि कपाटासोबत कालवडही त्याच ट्रकमध्ये चढवली. वऱ्हाडातली पोरं खूप हसली. जावई देवमन साधा माणूस, तोही हसला. त्याची आई जमुनाबाई मात्र गाडीतून खाली उतरून कालवडीच्या पाठीवरून हात फिरवून गेली. बाई मला तेव्हाच आवडली होती. हे मी पुढं कितीतरी वर्षं विसरून गेले.

खारपाणपट्ट्यात पाणी मचूळ, चारा कमी. तरी मोगरी तिथं रुळली. शालूच्या बाळंतपणात तिचंच दूध होतं. लेक झाली, तिचं नाव साधना ठेवलं. सहाव्या महिन्यात शालू तिला घेऊन आली, तेव्हा मी सवयीनं वजन केलं. पोरगी चांगली गुटगुटीत. शालू म्हणाली, "आई, इले माहं कमी आन मोगरीचंच जास्त आवडते. वरचं दूध सुरू केलं तर वाटी सोडत नाई." वर्षाच्या आत वरचं दूध दिलं म्हणून मी तिला झापलं. दुसऱ्याच्या सुनांना मी जे सांगायची, तेच लेकीला सांगितलं. ती नुसती हसली.

दोन हजार सहा साल. कपाशीचे दिवस वाईट होते. पेपर उघडला की बातमी एकच असायची. सरकारनं त्या वर्षी अर्ध्या किमतीत संकरित गाई वाटल्या, एक देवमनच्या दारातही आली. तांबूस, थोराड कासेची. जमुनाबाई फोनवर मला चिडवायची, "इहीणबाई, आमची सरकारी गाय बारा लिटर देते जी. तुमच्या मोगरीचं तं मांजरालेच पुरते." मीही म्हणायची, "देऊ द्या. उन्हाळा लागू द्या, मंग पाहू." विहिणी विहिणींची थट्टा होती ती. दोघींच्याही मनात विष नव्हतं.

भादव्यात शालू गेली. मोगरीसाठी शेताच्या धुऱ्यावरचं गवत कापत होती, साप चावला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. साधना तेव्हा सव्वा वर्षाची होती.

इथं आमची दुसरी रीत सांगायला हवी. लेक सासरी वारली, तर तेरवीच्या दिवशी पंगत उठल्यावर दोन्हीकडचे लोक बसतात. माहेरच्यांनी एक मागणं मागायचं. एकच. सासरच्यांनी नाही म्हणायचं नाही, आणि माहेरच्यांनी दिलेला शब्द फिरवायचा नाही. कोणी मंगळसूत्र मागतं, कोणी लेकीचं शेवटचं लुगडं. आंदणाची गाय कोणी मागत नाही, कारण आंदण परत नेलं की सोयरीकच तुटली. मग येणं नाही, जाणं नाही, हळदीकुंकवाला बोलावणं नाही.

आम्ही दोघं नवरा-बायको एसटीनं तेरवीला निघालो. जानराव, माझे मालक, खिडकीशी बसले होते. बडनेरा मागं पडलं. मग म्हणाले, "शालूची माय, पोरीले मांग."

मी म्हटलं, "तेच मांगाले निघाली मी. दुसरं काय मांगू?"

"तुह्या तोंडाचा भरोसा नाई म्हणून सांगून ठेवलं."

सगळ्या वाटेनं मी मनात तेच वाक्य घोकत होते. आमच्या शालूची लेक आम्हाला द्या. एवढंच बोलायचं होतं, शाळेतल्या पोरालाही जमेल इतकं सोपं.

पंगत उठली. ओसरीत सतरंजी टाकली. साधना जमुनाबाईच्या मांडीवर होती, हातात मोगरीच्या दुधाची वाटी. कोणी जाणत्यानं विचारलं, "बोला, माहेरचं काय मागणं आहे?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात जमुनाबाई बोलली. माझ्याकडे न पाहता, कोठ्याकडे पाहून.

"या गाईच्या गवतापायी गेली माही सून. तुमी गाय नाई पाठवली इहीणबाई, काळ पाठवला."

माझ्या डोक्यात जाळ झाला. लेक माझी गेलेली. तेरा दिवस मी धड जेवले नव्हते. आणि वर माझी गाय काळ? चार पिढ्यांची गाय, जिचं दूध पिऊन मी वाढले, माझी लेक वाढली, आणि जिचं दूध तिच्या मांडीवरचं लेकरू त्याच घडीला पीत होतं!

मी उभी राहिले आणि म्हणाले, "असं हाय? मंग माही गाय मले वापस द्या."

जानरावांनी माझा पदर ओढला. म्हणाले, "बस खाली. काय बोलून राहिली?" पण शब्द गेला होता. जाणत्यानं पुन्हा विचारलं, "गायच का, बाई?" ती शेवटची संधी होती. सगळे माझ्याकडे पाहत होते. जमुनाबाईही पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मला काहीतरी दिसलं, ते मला राग वाटलं. मी म्हटलं, "हो. गायच."

देवमननं दावं सोडून माझ्या हातात दिलं. मोगरीचं दोन महिन्यांचं वासरू खुंट्याला राहिलं होतं. मी म्हटलं, "वासराशिवाय गाय नेत नसतात. वासरू सोडा." त्यांनी तेही सोडलं. गाईसोबत वासरू जातंच, ते वेगळं मागणं होत नाही. मेटॅडोरमध्ये चढवताना साधना दारात उभी राहून हात हलवत होती. तिला वाटलं, मोगरी फिरायला चालली.

वासराला आईपासून तोडू नये, एवढं मला त्या दिवशी कळत होतं. आणि माझ्या लेकीचं वासरू मी तिथंच टाकून आले.

वाटेत जानराव ड्रायव्हरजवळ बसले. घरी आल्यावर त्यांनी बिनदुधाचा चहा मागितला. तेव्हापासून आजपर्यंत त्या माणसानं मोगरीच्या दुधाचा थेंब तोंडी लावला नाही. मला ते कधी बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दिवाळीला मी साधनासाठी फ्रॉक पाठवला, तो परत आला. पुढच्या मे महिन्यात कळलं, त्यांची सरकारी गाय उन्हानं मेली. तेव्हाच मी मोगरी घेऊन जायला हवं होतं. रीत मोडली असती तर मोडली असती. पण मी वाट पाहत राहिले की जमुनाबाईचा निरोप येईल, बाई नमतं घेईल. ती का घेईल? मी अंगणवाडीत लोकांच्या लेकरांना उसळ वाढत होते, तक्ते भरत होते. माझी नात काय खाते, ते मला माहीत नव्हतं.

मोगरीचा वंश मात्र मी फार जपला. गावात सगळ्यांनी आपल्या गाई संकरित वळूकडून भरवून घेतल्या, मी नाही. गाय माजावर आली की वर्धा नदी उतरून आर्वीकडे न्यायची, तिथं एका शेतकऱ्याकडे गवळाऊ सांड होता. दोन दिवस जायचे. लोक हसायचे. मी भांडायची. आता वाटतं, गाय अस्सल ठेवली की माझं काही चुकलं नव्हतं, असं मला दाखवायचं होतं.

अशी तेरा वर्षं गेली. मग कहकशाँ आली. अकोल्याची मुलगी, घराण्याचा दुधाचा धंदा, स्वतः जनावरांवर संशोधन करणारी. गवळाऊचं रक्त तपासत गावोगाव फिरत होती. मोगरीच्या पणतीच्या मानेतून तिनं इतक्या हळू रक्त काढलं की गाईनं शेपटीही हलवली नाही. मला ती पहिल्या दिवसापासून आजी म्हणायला लागली. मी पिढ्या सांगत गेले, ती लिहीत गेली. मग म्हणाली, "आजी, गाईंसोबत तुमच्या घरच्या बायकांचीही लाळ घेतली तर चालेल? कापसाची काडी गालाच्या आत फिरवायची, बस."

मी म्हटलं, "माणसाचं काय काम त्यात?"

ती कोठ्यातच पालथ्या बादलीवर बसली. म्हणाली, "फार पूर्वी माणूस मोठा झाला की त्याला दूध पचत नसे. लहानपण सरलं की पोट बंद. मग लोकांनी गाई पाळल्या. त्यात काहींचं पोट बंद झालं नाही. दुष्काळ पडला, पिकं बुडाली, तरी ते दुधावर जगले. त्यांची लेकरं जगली. ती खूण रक्तात उतरत उतरत तुमच्यापर्यंत आली. आणि गाईचंही तसंच. रानातली गाय फक्त वासराला पान्हा सोडते. माणसाच्या हाताला जी पान्हा सोडायची, तीच आपण ठेवली, तिचीच वासरं वाढवली. माणसानं गाय घडवली आजी, आणि गाईनं माणूस."

जानराव दारात उभे राहून ऐकत होते. ते आत निघून गेले.

"अजून एक खूण असते," कहकशाँ म्हणाली. "ती फक्त आईकडून येते. मुलगा झाला की तिथं संपते, मुलगी असली तर पुढं जाते. गाईतही तसंच. तुमच्या घरी या दोन्ही वाटा सोबत चालल्यात, तशा मी दुसरीकडे कुठंच पाहिल्या नाहीत. तुम्हाला मुलगी आहे ना?"

"नाई. वारली."

"नात?"

मी मोगरीकडे पाहत राहिले. मग गावाचं नाव सांगितलं. म्हटलं, "तू जाशीन तं मले सोबत घेऊन चाल. पण आधी काही सांगू नको."

मी ठरवलं होतं. कोठ्यात सव्वा वर्षाची कालवड होती, तीही मोगरीच. ती साधनाला द्यायची. लग्नाची वाट नाही पाहायची, आत्ताच द्यायची. जमुनाबाईच्या पाया पडायचं. कालवडीच्या गळ्यात वाजणारी घाटी सोडून मी पिशवीत टाकली, म्हणजे नुसतं बोलणं नको, हातात काही असावं.

घर तेच होतं. ओसरी तीच. कोठा मोडून तिथं मोटरसायकल लावली होती. एक पोरगी अभ्यास करत बसली होती, दोन वेण्या, नववीचं पुस्तक. तिनं मान वर केली. शालूचं कपाळ, शालूचे कान. कहकशाँनं कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं, काय करायचं ते समजावलं. पोरगी म्हणाली, "बाबा वावरात हाय. आजी मांगं कपडे धुऊन राहिली, येईनच आता. बसा." कापसाच्या काड्यांची पेटी माझ्या हातात होती, म्हणून ती मला म्हणाली, "मावशी, तुमी बी बसा." मी मॅडमची मदतनीस, असंच तिला वाटलं.

आत्ता सांगते, आत्ता सांगते, करत मी बसले. कहकशाँनं फॉर्म काढला. तिचा हात पेटीत गुंतला होता, म्हणून फॉर्म मीच भरायला घेतला. अक्षर माझं चांगलं आहे.

"दूध पितेस का?" कहकशाँनं विचारलं.

"नाई."

"पोटाला त्रास होतो?"

"माहीत नाई. आमच्या घरी कोनी पीतच नाई. पाव्हणा आला तं चहापुरतं आणतो."

मी लिहिलं. कहकशाँनं पुढचा प्रश्न विचारायला नको होता, पण तो फॉर्मवर होता. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "आईच्या आईचं नाव?"

पोरगी सहज म्हणाली, बसची वेळ सांगावी तशी. "तिवश्याकडे आहे म्हणते. नाव नाई माहीत. माही आई मेली तवा एकच मागता येत होतं. तिनं गाय मांगतली."

पेन माझ्या हातातच राहिलं. तो रकाना रिकामा राहिला.

तेवढ्यात जमुनाबाई ओल्या हातानं पुढं आली. केस पार पिकलेले, कंबर वाकलेली. मला पाहिलं आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मला वाटलं, हाकलून देईल. तिनं द्यायला हवं होतं. पण ती म्हणाली, "साधना, शेजारून दूध आण. दुधाचा चहा मांड. हे तुही आजी होय. तुह्या आईची आई."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. रडली नाही, रागावली नाही, उठून पायाही पडली नाही. दुधाचा गंज घेतला आणि शेजारी गेली. चहा आला. आम्हा दोघींना दुधाचा, त्या दोघींना कोरा. मला सख्ख्या नातीनं पाहुणीसारखा कप दिला, बशीसकट.

मी पिशवीतून घाटी काढली. म्हटलं, "साधना, मोगरीची कालवड हाय. तुह्या आईच्या गाईच्या वंशातली. तुह्यासाठी आणतो म्हटलं."

ती म्हणाली, "नको जी. गाय घेऊन आमी काय करू?" आणि घाटी माझ्यापुढं सरकवली. अगदी आदबीनं. मग गालात काडी फिरवून घेतली, पुस्तक उचललं आणि आत गेली.

निघताना जमुनाबाई माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आली. मी तिच्या पायाशी वाकले, तर तिनं माझे दंड धरले. म्हणाली, "तुमी गेल्यावर पोरगी खुंट्यापाशी जाऊन बसे. 'मोगी, मोगी' करे. मी कणकेची पेज पाजली. मंग विसरली. मी पुन्हा घरात दुधाची सवय नाई लावली, आठवण नको म्हणून."

मी म्हटलं, "माह्या तोंडाले आग लागो. मी पोरीलेच मांगाले आली होती, इहीणबाई. पण तुमी गाईले काळ म्हटलं..."

तिनं माझे दंड सोडले. मग म्हणाली, "मले माहीत होतं तुमी तिच्याचसाठी आल्या. मी तिचं गाठोडं बांधून ठेवलं होतं. चार झबले, दुपटं, वाटी. दाराच्या मांगं होतं. माह्यानं सांभाळणं होत नव्हतं, आन पोरीनं तुमच्यापाशी राहावं, असं मलेच वाटे. पण देतानी छाती फुटली असती माही. म्हणून आधी भांडून घेतलं. भांडण झालं का देणं सोपं जाते." तिनं पदरानं डोळे पुसले. "तुमी 'गायच' म्हटलं तवा मी पाह्यतच राह्यली तुमच्याकडे. आता बदलतीन, आता बदलतीन."

रस्त्यावर ऊन होतं. कहकशाँनं गाडी सुरू केली होती. मी कशी बसले, मला आठवत नाही. घाटी मांडीवर होती आणि प्रत्येक खड्ड्याला वाजत होती, म्हणून मी ती पदरात गच्च धरून ठेवली.

घरी जानरावांना सगळं सांगितलं. गाठोड्याचंही. ते म्हणाले, "दाराच्या मांगं?" मी हो म्हटलं. ते उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

पाच महिन्यांनी कहकशाँचा फोन आला. म्हणाली, "आजी, साधनाचा अहवाल आला. दूध पचवायची खूण तिच्यात आहे, तुमच्यासारखीच. तिनं आयुष्यभर दूध प्यालं तरी काही होणार नाही. आणि आईकडची खूणही तीच. तुमच्यापासून शालूताई, तिच्यापासून ती. कुठं तुटलेली नाही."

मी म्हटलं, "बरं झालं."

"पण तो रकाना..." ती अडखळली. "तुमचं नाव तिच्या कागदावर लिहायचं तर तिची परवानगी हवी. मी विचारलं तिला."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, राहू द्या रिकामा."

मी फोन ठेवला. धारेची वेळ टळून गेली होती, कोठ्यात मोगरी हंबरत होती. मी भांडं घेऊन गेले, तिच्या पायाशी बसले, कासेला हात लावला. वासरू सोडायच्या आधीच तिनं माझ्या हाताला पान्हा सोडला. मी तिच्या कुशीला डोकं टेकून रडत राहिले, आणि भांडं भरून दूध खाली जमिनीवर गेलं तरी मला हात काढता आला नाही.